हनुवटीचे केस

प्रश्न : वय 26. हनुवटीवर राठ केस येतात, दर पंधरा दिवसांनी थ्रेडिंग करते. वॅक्स करू की लेझर? रेझर लावला तर केस दाट होतात, असं आई म्हणते.

उत्तर : अगं, रेझरने केस दाट होत नाहीत. कापलेलं टोक बोथट राहतं, म्हणून हाताला खरखरीत लागतं, एवढंच. हनुवटीला वॅक्स मी माझ्या पार्लरमध्ये लावतच नाही. एकीची कातडी सोलवटली तेव्हापासून कानाला खडा! त्यापेक्षा दोरा बरा. लेझरच्या 6-8 बैठका तरी लागतात, आणि पांढरा केस त्याला दिसतच नाही. पण पाळी वेळेवर येते का? येत नसेल तर आधी स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा. पीसीओएस, म्हणजे हार्मोन्स बिघडून पाळी चुकते आणि चेहऱ्यावर केस येतात तो त्रास, असेल तर लेझरनंतरही केस परत येतात.