मोटरसायकल चालतानाच मागून कटकट आवाज येतो, उभी केली की बंद. काय असेल?

उभ्या गाडीला कितीही रेस दिली तरी आवाज नाही, चालू लागली की मागून कटकट, आणि मिस्त्री इंजिन खोलू म्हणतो, असं तुम्ही लिहिलंय. इंजिन आत्ताच खोलू देऊ नका! दोष तिथला असता तर उभ्या गाडीवरही रेसबरोबर आवाज बहुधा वाढला असता.

मोकळ्या रस्त्यावर ३०च्या स्पीडला क्लच दाबून गाडी तशीच जाऊ द्या. कटकट चाकाच्या वेगाबरोबर कमी-जास्त झाली, तर चेन, स्प्रॉकेट (चेन ज्यावर फिरते ती दातेरी चाकं), मागचं बेअरिंग किंवा ब्रेक शू बघा.

आपल्या यवतमाळकडे माझा पहिला संशय चेनवरच. वावरात जायच्या पांदणीतली काळी माती चेनकव्हरमध्ये शिरते, वाळते आणि कड्या घासते. गाडी मेन स्टँडवर, न्यूट्रलमध्ये घ्या. इंजिन बंदच हवं, चालू चेनमध्ये बोटं तुटतात. चाक हाताने हळूहळू फिरवत चेनचा मधला भाग वर-खाली करा. बहुतेक साध्या गाड्यांना २० ते ३० मिमी ढील लागते. एका जागी ताठ, दुसऱ्या जागी लोंबती असेल तर ती असमान ताणली आहे. मग नुसती कसून भागत नाही, चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट सोबतच बदला. सगळीकडे सारखी असेल तर रॉकेलने धुवून, ९० नंबर गिअर ऑइल सोडून बघा.

चाक धरून आडवं हलवा. खेळ जाणवला तर बेअरिंग आधी बदला, डबल सीट नंतर.