वाचकांचे प्रश्न : बालांगिगाच्या तीन घंटा

प्रश्न : बाई, माझा मुलगा मालवाहू जहाजावर इंजिनिअर आहे. त्याच्या जहाजावरचा बोसन, म्हणजे खलाशांचा मुकादम, फिलिपिन्सचा, बालांगिगा नावाच्या गावचा. तो सांगतो की आमच्या चर्चच्या घंटा अमेरिकन सैन्याने नेल्या होत्या आणि शंभरावर वर्षांनी त्या परत आल्या. मुलाने हे फोनवर सांगितलं, पण मला नीट उमगलं नाही. हे गाव कुठे आहे? आणि घंटांवरून एवढं काय घडलं?
(एक वाचक, गुहागर)

उत्तर : तुमच्या प्रश्नाने मला फार आनंद झाला. चाळीस मुलांच्या वर्गात भूगोल शिकवताना फिलिपिन्स एका परिच्छेदात उरकावा लागे, आणि ही गोष्ट सांगायची राहून जाई.

आधी नकाशा उघडा. फिलिपिन्सच्या मध्यभागी, पूर्वेच्या कडेला सामार बेट आहे. लुझोन आणि मिंडानाओनंतर तेच त्या देशातलं सर्वांत मोठं बेट. त्याच्या दक्षिण किनाऱ्यावर, लेयतेच्या आखाताकडे तोंड करून, नदीच्या मुखाशी बालांगिगा वसलं आहे. अक्षांश साधारण आपल्या कोइमतूरचा. वस्ती चौदा हजारांच्या आसपास, बोली वाराय, तेरा बरांगाय, म्हणजे आपल्याकडच्या वाड्या म्हणा. समोर मासेमारीचा समुद्र, मधे माडांची चिंचोळी पट्टी आणि पाठीला लगेच रानाचे डोंगर. पाऊस वर्षभर असतो, कोरडा म्हणावा असा ऋतूच नाही. मागे रान आणि पुढे बंदर ही या गावाची ठेवण लक्षात ठेवा, पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे.

स्पेनने १८९८ साली फिलिपिन्स अमेरिकेच्या हवाली केलं. ज्या फिलिपिनो लोकांनी स्पेनशी लढून आपलं प्रजासत्ताक उभारलं होतं, त्यांना आता अमेरिकेशी लढावं लागलं. सामारमधल्या लढ्याचं नेतृत्व जनरल व्हिसेंते लुकबान करत होते. त्यांची माणसं डोंगरात, आणि त्यांचं पोट किनाऱ्यावरच्या गावांवर. सामारचा आबाका बंदरांतून बाहेर जाई. आबाका हे केळीच्या कुळातलं झाड, त्याच्या धाग्याचे जहाजाचे दोर होतात. आपण त्याला मनिला दोर म्हणतो. तुमच्या मुलाला विचारा, त्याला ठाऊक असेल. ही बंदरं बंद केली की डोंगरातली फौज उपाशी पडेल, असा अमेरिकनांचा हिशेब होता. म्हणून ११ ऑगस्ट १९०१ रोजी नवव्या पायदळाची 'सी' कंपनी बालांगिगात उतरली. कॅप्टन थॉमस कॉनेल तिचा प्रमुख.

सुरुवातीचे काही आठवडे सलोख्याचे गेले. मग दोन गोष्टी घडल्या. माडी विकणाऱ्या एका मुलीची प्यालेल्या शिपायांनी छेड काढली, तिच्या भावांनी त्यांना मारलं. आणि वरचे अधिकारी तपासणीला येणार म्हणून कॉनेलने गाव साफ करायचा हुकूम काढला. ऐंशीच्या आसपास पुरुष पकडले, जेमतेम सोळा-सोळा माणसं मावतील अशा दोन तंबूंत कोंबले आणि रात्रभर उपाशी ठेवले. कोयते आणि घराघरांतला तांदूळ जप्त केला. झाडोरा म्हणून जो कापायला लावला, त्यात घराभोवतीची खाण्याची झाडंही गेली. परसातली अळू आणि केळी कोणी येऊन 'कचरा' म्हणून तोडली, तर आपल्या कोकणात काय होईल, याचा विचार करा. पुस्तकांत हल्ल्याचं वर्णन पानंच्या पानं असतं आणि या तोडीला एखादं वाक्य मिळतं, याचं मला वाईट वाटतं. गावाने शस्त्र का उचललं, याचं मोठं उत्तर त्या परसात आहे.

२८ सप्टेंबर १९०१. सकाळी पावणेसातच्या सुमारास शिपाई न्याहारीला बसले होते, बंदुका बहुतेकांच्या हाताशी नव्हत्या. गावचे पोलीसप्रमुख व्हालेरियानो आबानादोर यांनी पहारेकऱ्याची बंदूक हिसकावून त्याच्या डोक्यात घातली. चर्चची घंटा वाजली आणि कोयते घेतलेली माणसं चहूकडून धावली. त्यातली काही आदल्या रात्रीपासून बायकांच्या वेशात चर्चमध्ये होती. ७४ जणांच्या तुकडीतले ४८ मेले, त्यांत कॉनेलही. गावकऱ्यांपैकी २८ जण पडल्याचं सांगतात.

पुढे सूड आला. अमेरिकन सैन्याने परत येऊन गाव जाळलं आणि चर्चच्या तिन्ही घंटा उचलून नेल्या. ब्रिगेडियर जनरल जेकब स्मिथने सामारचं 'ओसाड रान' करायचा आणि शस्त्र धरू शकणाऱ्या प्रत्येकाला मारायचा हुकूम दिला. वयाची मर्यादा विचारल्यावर त्याने दहा वर्षं सांगितली. मृतांचे अंदाज अडीच हजारांपासून पन्नास हजारांपर्यंत केले जातात. १९०२ साली स्मिथवर लष्करी खटला चालला. समज देऊन त्याला निवृत्त केलं, एवढीच शिक्षा. मुलांना मारण्याचा हुकूम देणारा माणूस घरी गेला, हे लिहिताना आजही माझा हात थांबतो.

घंटांवर १८५३, १८८९ आणि १८९५ ही सालं कोरलेली आहेत. दोन घंटा वायोमिंगमधल्या शायेन इथल्या लष्करी तळावर होत्या. सर्वांत लहान घंटा नवव्या पायदळासोबत दक्षिण कोरियात गेली. हल्ल्याचा इशारा हिच्यावरच झाला, असं मानतात. फिलिपिन्स सरकार, चर्च आणि अभ्यासक दशकानुदशकं मागणी करत राहिले. अमेरिकेतले काही माजी सैनिक म्हणत की हे आमच्या मृतांचं स्मारक आहे. काही माजी सैनिकांनी मात्र घंटा परत द्याव्यात म्हणून जोर लावला. शेवटी ११ डिसेंबर २०१८ रोजी त्या विमानाने मनिलाला पोचल्या आणि १५ डिसेंबरला बालांगिगात आल्या. आता त्या प्रार्थनेसाठी वाजतात.

प्रश्न : बाई, मागच्या अंकात तुम्ही युद्धात नेलेल्या घंटांचा ओझरता उल्लेख केला होता. आमच्या मेणवलीच्या घाटावरची घंटाही वसईच्या स्वारीतली. मग दोन्ही गोष्टी सारख्याच म्हणायच्या का?
(एक वाचक, वाई)

उत्तर : अर्ध्या सारख्या. चिमाजीअप्पांनी १७३९ साली वसई घेतल्यावर पोर्तुगीज चर्चच्या घंटा देशावर आल्या. मेणवलीच्या घंटेवर १७०७ साल आणि बाळ येशूला घेतलेली मेरी आहे. नाशिकला नारोशंकराच्या देवळातली घंटा १७२१ ची. जिंकणाऱ्याने हरलेल्याची घंटा उचलणं दोन्हीकडे आहेच, ते नाकारू नये. फरक असा की वसईत हरली ती एक साम्राज्यसत्ता होती. बालांगिगात ज्यांचं गाव जळलं, त्यांच्याच घरातली घंटा गेली आणि त्यांची नातवंडं-पतवंडं ती मागत राहिली. माझं म्हणणं एवढंच की मेणवलीला येणाऱ्या शाळेच्या सहलींना ती घंटा कुठून आली हे सांगितलं जावं, मेरीच्या चित्रावर मुलांचं बोट ठेवून.

प्रश्न : मुलाचं जहाज मनिलाला लागलं तर त्याला बालांगिगाला जाता येईल का? कधी जावं?
(गुहागरच्याच वाचकाचा दुसरा प्रश्न)

उत्तर : जाता येईल. मनिलाहून विमानाने लेयते बेटावरच्या ताक्लोबानला जावं. तिथून सान हुआनिको पूल ओलांडला की सामार. हा पूल १९७३ चा, दोन किलोमीटरहून थोडा लांब. पुढे किनाऱ्याने बासेय, माराबुत, लावाआन अशी गावं लागतात आणि मग बालांगिगा. माराबुतजवळ समुद्रात चुनखडीचे सुळके उभे आहेत, ते पाहण्यासारखे. ग्रामदैवत म्हणावं तसे संत लॉरेन्स, त्यांचा सण १० ऑगस्टला असतो. २८ सप्टेंबरला हल्ल्याचा स्मृतिदिन असतो, त्या दिवशी प्रांताला सुट्टी असते. वादळांचा धोका वर्षभर थोडाफार असतोच, पण ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये जास्त जपावं. ८ नोव्हेंबर २०१३ चं योलांडा वादळ याच प्रांतातल्या गीवान गावापाशी जमिनीला लागलं आणि बालांगिगालाही त्याने झोडपलं. जायच्या आधी मुलाने त्या बोसनलाच विचारावं. घरचा पत्ता देईल, आणि चर्चमध्ये कोणाला भेटायचं तेही सांगेल.