पाकट आणि मुळावरची गाठ : तुलना मांडण्यापूर्वी

तुम्ही मँटा रे हा संकटग्रस्त पाकट मासा आणि सोयाबीनच्या मुळांवरील गाठींत राहणारा रायझोबियम हा जिवाणू यांची तुलना करणार असल्याचे कळले. प्रारंभी एवढेच सांगतो की, आकारमानाच्या फरकावर पाने खर्च करू नका; तो कोणालाही दिसतो.

खरा भेद प्रजननात आहे. महाकाय मँटाची मादी बहुधा एका वेळी एकच पिल्लू देते आणि त्यासाठी वर्षभराहून अधिक काळ गर्भ वाढवते. म्हणूनच कल्ल्यांच्या व्यापारासाठी झालेल्या मासेमारीने आलेली घट तिला भरून काढता येत नाही आणि २०२० मध्ये आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या लाल यादीने तिला संकटग्रस्त ठरवले. जिवाणू मात्र काही तासांत दुभंगून दुप्पट होतो. त्या यादीचे निकष सूक्ष्मजीवांना लागूच होत नाहीत, तेव्हा ‘रायझोबियम सुरक्षित आहे’ असे लिहिणे चुकीचे ठरेल. ही चूक मीही एकदा केली होती.

साताऱ्यात समुद्र नाही, पण सोयाबीनचे शिवार आहे. फुलोऱ्यातील एक रोप मुळासकट हलक्या हाताने खणून काढा आणि गाठ ब्लेडने कापा. आतून ती गुलाबी दिसली, तर नत्र स्थिरीकरण, म्हणजे हवेतील नत्र रोपाला वापरता येईल अशा रूपात आणण्याचे जिवाणूचे काम, चालू आहे असे समजा. तो रंग लेगहिमोग्लोबिन या गाठीतील प्रथिनाचा असतो, आणि मँटाच्या रक्तातील हिमोग्लोबिन त्याच कुळातले आहे. मात्र लेगहिमोग्लोबिन हे प्रथिन जिवाणू नव्हे, वनस्पती तयार करते, हे नोंदवायला विसरू नका.