रेंज नसलेल्या शाळेत आठवीच्या मुलांना जीपीएस आणि डिजिटल नकाशे कसे शिकवावेत?

रेंज नाही हे बरंच आहे की! 'नेट नाही तर जीपीएस कसं लागंल?' हे मी एका साहेबांच्या तोंडून भर शिक्षण परिषदेत ऐकलंय, म्हणून लिहायला बसलो.

आमची शाळा किल्लारी भागातली. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर गाव उठून दुसरीकडं बसलं. जुन्या गावठाणात आता बाभळी, आणि रेंजची एक काडी नाही. मुद्दाम तिथंच पोरं नेली. साहेब त्या दिवशी शाळाभेटीला होते, तेही आले. मोबाईल फ्लाइट मोडवर टाकून मोकळ्यात धरला. पोरं मोबाईलकडं बघतायत, साहेब घड्याळाकडं. उपग्रह स्वतःचा ठावठिकाणा सेकंदाला ५० बिट इतक्या सावकाश सांगतो, त्यामुळं अर्धा मिनिट तर जातोच. नेट असलं की तीच माहिती आधी येऊन बसते, म्हणून झटपट वाटतं. आम्हाला तीन मिनिटं लागली. दुसऱ्याच मिनिटाला साहेब चहाला निघून गेले.

आकडे आले तसे पोरांनी मारुतीचं देऊळ, आड, वेस असं सगळं अंश-मिनिट-सेकंदात वहीत घेतलं. एका पोरीची आजी सोबत आली होती. "आमचा वाडा हितं व्हता," म्हणाली. तेही टिपलं. शाळेत आलेखाच्या कागदावर एका सेकंदाला एक सेंटिमीटर धरून मांडलं. अक्षांशाचा सेकंद सुमारे ३१ मीटरचा, आपल्याकडं रेखांशाचा मात्र २९ चा. हे दोन मीटर गेले कुठं, यावर अख्खा तास गेला.

व्हिडिओ दाखवून शिकवू नका. पोरांना वाटतं उपग्रह वरून आपल्याला बघतोय. मोबाईल फक्त ऐकतो. तीन उपग्रह जागेसाठी, चौथा मोबाईलचं घड्याळ स्वस्तातलं असतं म्हणून. एका उपग्रहापासूनचं अंतर म्हणजे एक वर्तुळ, तिन्ही जिथं छेदतात तिथं आपण. सुतळी घेऊन मैदानात अशी तीन वर्तुळं काढा, पुरे.

डिजिटल नकाशाचं म्हणाल तर नेट मिळेल त्या दिवशी हेच आकडे ओपनस्ट्रीटमॅपवर (कुणालाही भर घालता येणारा नेटवरचा मोफत नकाशा) चढवा. पोरांची घरं नावानिशी टाकू नका. आणि हो, झाडाखाली, भिंतीलगत दहा-पंधरा मीटरनं सहज चुकतं. शाळेबाहेर नेताना पालकांची सही घ्या, मी घेतली नव्हती, त्यावरून बोलणी खाल्ली.

साहेबांच्या भेट अहवालात 'स्मार्ट टीव्हीद्वारे जीपीएसचे अध्यापन' असं आहे. टीव्ही तेव्हा बंद होता.