गल-विंग दार वर थांबत नाही, ४०० न्यूटनचा शॉकर काढून ८०० चा लावू का?

नका लावू. तुमच्या प्रश्नात सगळं आलं आहे: स्टँडर्ड हेरल्ड या जुन्या गाडीची चासी, वर फायबरची बॉडी, छताला बिजागऱ्या असलेली, पंखासारखी वर उघडणारी दोन दारं (हीच गल-विंग), गाडी ऐरोलीत उघड्यावर, आणि पावसाळ्यानंतर दार सकाळी अर्ध्यावरून खाली येतं. शॉकर, म्हणजे दार उचलून धरणारी ही गॅसची नळी, दुप्पट जोराची लावण्याआधी (न्यूटन हे त्या जोराचं माप) दारात पाणी आहे का ते बघा. हे इतक्या ठामपणे सांगतोय कारण याच गोष्टीवरून आमच्या घरात भांडण झालंय आणि ते अजून मिटलेलं नाही.

वागळे इस्टेटला माझं आणि थोरल्या चुलतभावाचं गॅरेज होतं. त्यांना सगळे दादा म्हणतात. हात सोन्याचा, डेंटिंगमध्ये त्यांना तोड नाही. पण वजनकाटा घेऊन मोजायचं म्हटलं की त्यांना तो अपमान वाटायचा. अशीच एक गाडी आमच्याकडे यायची, कुणीतरी हौसेने बनवलेली, तुमच्यासारखीच वर उघडणारी दारं. पहिल्या वेळी दार खाली येतंय म्हणून दादांनी ४०० चा काढून ६०० चा लावला. पुढच्या पावसाळ्यानंतर गाडी परत, तीच तक्रार. दादांनी ८०० चा लावला. तोवर छतावर बिजागरीच्या बोल्टांभोवती केसासारखे तडे दिसायला लागले होते, आणि दार बंद करायला मालकाला अंगाचा भार टाकावा लागत होता. दादा म्हणाले, फायबरच हलक्या प्रतीचं आहे, आतून पत्रा मारू.

मी शॉकर सोडवला, दार आडवं धरलं आणि बिजागरीपासून ९० सेंटीमीटरवर, खालच्या कडेला स्प्रिंगचा काटा अडकवला. तेरा किलो. मग दाराच्या तळाला निचऱ्याची भोकं होती ती शोधली. रंगाखाली आणि सीलंटखाली बुजलेली. बारीक ड्रिलने मोकळी केली तर गढूळ पाणी धार लावून आलं. आत मजबुतीला प्लायवूडची पट्टी होती, तीसुद्धा भिजून फुगलेली. ती काढून, दार उन्हात वाळवून, नवी पट्टी रेझिन लावून बसवल्यावर त्याच जागी काटा नऊ किलो दाखवत होता.

आता हे चक्र कसं फिरत होतं ते बघा. जोरदार शॉकर बंद दारालाही सतत बाहेर ढकलतो. फायबरचं दार त्या बाजूने थोडं वाकतं, मागच्या खालच्या कोपऱ्यात रबराला फट पडते. त्या फटीतून पाऊस आत, भोकं बुजलेली, पाणी आतच. दार जड. मग आणखी जोरदार शॉकर. दादांचं म्हणणं, ‘८०० ने दार वर राहिलं होतं की नाही?’ राहिलं होतं, दादा. भिजलेल्या दाराला तेवढाच लागतो. आणि छत फाटलं तेही त्यानेच.

हिशेब अवघड नाही. काट्यावरचे किलो गुणिले ९.८, गुणिले काट्यापासून बिजागरीपर्यंतचं अंतर मीटरमध्ये. त्याला भागायचं बिजागरीपासून शॉकरच्या रेषेवर टाकलेल्या लंबाने, दार आडवं असताना, कारण तेव्हाच ओझं सगळ्यात जास्त असतं. आमच्या गाडीत तो लंब १४ सेंटीमीटर होता. नऊ किलोला सुमारे ५७० न्यूटन येतात, तेरा किलोला ८२०. बोल्टापासून बोल्टापर्यंत टेप लावू नका, लंबच मोजा. बहुतेकांचं गणित इथेच फसतं. आलेल्या आकड्यावर दहा-पंधरा टक्के चढवा, बस्स.

सकाळीच दार का पडतं, तर शॉकरच्या आतल्या नायट्रोजन वायूमुळे. शॉकरवरचा आकडा २० अंशांना दिलेला असतो आणि दर अंशाला जोर साधारण एक तृतीयांश टक्का बदलतो. पहाटेच्या अठरा अंशांत आणि दुपारच्या बत्तीसमध्ये जवळपास पाच टक्क्यांचा फरक पडतो. काठावर असलेला शॉकर दुपारी टिकतो, सकाळी हरतो. ते दहा-पंधरा टक्के त्यासाठीच.

दादा प्रत्येक वेळी डिलोरियन या अशाच दारांच्या परदेशी गाडीचा फोटो काढून दाखवायचे: ‘बघ, केवढं स्टीलचं दार आणि एवढीशी नळी.’ त्या गाडीत दाराचं मुख्य ओझं बिजागरीतला पिळाचा दांडा (पिळलेला, स्प्रिंगसारखा जोर देणारा) उचलतो. ग्रमन या विमानं बनवणाऱ्या कंपनीने तो द्रव नायट्रोजनमध्ये गोठवून पिळून दिला होता. नळी फक्त त्याला हातभार लावते. तुमच्या गाडीत असा दांडा नाही, सगळं ओझं नळीवर. तिच्याशी तुलना करून शॉकर निवडणं चूकच.

शॉकर काढताना दाराला लाकडी टेकू द्या आणि शिवाय एक माणूस उभा करा. टोकाचा चाप बारीक स्क्रूड्रायव्हरने फक्त उचलायचा, बाहेर काढायचा नाही. दार बंद असताना नळीतून सरकणाऱ्या दांडीचं टोक खाली राहील असा शॉकर बसवा, म्हणजे आतलं तेल सीलवर राहतं. दांडीला पकड लावू नका, रंगाचा शिंतोडा उडू देऊ नका. एक ओरखडा आणि सील गेलं. ऐरोलीत खाडीची हवा आहे, तेव्हा बिजागरीच्या पिना आधी तपासा. शॉकर सुटा करून दार हाताने अडखळत वर जात असेल, तर दोष पिनांचा आहे.

‘गॅस भरून देतो’ म्हणणाऱ्याकडे जाऊ नका. नळीला भोक पाडून वाल्व वेल्ड करतात. आठ मिलिमीटर दांडीच्या ४०० न्यूटनच्या नळीत ८० बारच्या आसपास दाब असतो, तिच्यावर ड्रिल चालवणं म्हणजे जिवाशी खेळ. जुनी नळी तापवायची किंवा कापायचीही नाही.

मिळण्याचं म्हणाल, तर कुर्ल्याच्या सीएसटी रोडला डिकीचे शॉकर भरपूर मिळतात. जुना सोबत न्या, लांबी आणि बॉल जुळवा, नळीवर न्यूटनचा आकडा नसेल तर घेऊ नका. दोन्ही दारांचे एकदमच बदला.

आणि आरसी बघून घ्या. बॉडीतला बदल त्यावर चढलेला नसेल तर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आडवं येतं, २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही त्यावर कडक भूमिका घेतली आहे. हे शॉकरच्या आधी सांगायला हवं होतं खरं तर.

भोकं मोकळी करून, दार वाळवून काट्याचा आकडा आणि लंब इथे लिहा. न्यूटन मी काढून देतो.