वाघ-शेळी-गवताच्या कोड्यात विनोद नेमका कुठे घालायचा?

प्रश्न: नदी पार करण्याची जुनी कोडी विनोदी करून मित्रांना घालायची आहेत. वाघ-शेळीच्या जागी गमतीदार नावं टाकली तरी कोणी हसत नाही, आणि एकदा तर कोडं सुटलंच नाही. काय चुकतंय?

उत्तर:

तुम्ही विनोद नावांत घालताय, तो नियमात घाला. ऐकणारा नावं पहिल्या मिनिटात विसरतो. नियम मात्र त्याला प्रत्येक खेपेला आठवावा लागतो, म्हणून हसू तिथेच लपवायचं.

मूळ कोडं बघा. वाघ शेळीला खातो, शेळी गवत खाते, पण वाघ आणि गवताचं काही भांडण नाही. दोन भांडणं, आणि दोन्हींत शेळी. हा सांगाडा हलवायचा नाही. त्यावर नवे कपडे असे चढवता येतात: नावाड्याला एक कवी, एक श्रोता आणि एक उशी पलीकडे न्यायची आहे. होडीत नावाड्याशिवाय एकच मावतं. नावाडी जवळ नसला की कवी श्रोत्याला अख्खा संग्रह ऐकवतो. श्रोता आणि उशी एकत्र राहिले तर श्रोता झोपतो आणि मग उठत नाही. कवी आणि उशी खुशाल एकत्र ठेवा, कवीला झोप येतच नाही.

आता उत्तर. आधी श्रोत्याला पलीकडे सोडा, रिकामे परत या. कवीला न्या आणि श्रोत्याला परत आणा. अलीकडे श्रोत्याला उतरवून उशी न्या, रिकामे परत या, शेवटी श्रोत्याला न्या. एकूण 7 खेपा. दुसऱ्यांदा जाताना कवीऐवजी उशी नेली तरी 7 खेपांतच जमतं, आणि एवढी दोनच उत्तरं आहेत.

सगळी मजा चौथ्या खेपेत आहे. पोचवलेल्याला परत आणायचं ही गोष्ट डोक्यात लवकर शिरत नाही, लोक अडतात ते इथेच. म्हणून विनोद या जागी फुटला पाहिजे: कवी पलीकडे उतरतो, वही उघडतो, घसा साफ करतो, आणि नावाडी श्रोत्याला उचलून होडीत बसवतो. नवी कथा रचली की मी आधी तिची चौथी खेप डोळ्यांपुढे आणतो. तिथे चित्र उभं राहिलं नाही, तर पात्रं बदलतो.

तुमचं कोडं न सुटण्याचं बहुधा कारण असं: हसू वाढवायला एक जास्तीचं भांडण घातलं गेलं. ‘कवी उशी फाडतो’ एवढं एक वाक्य जोडा, की तिघांचं तिघांशी वैर होतं. कोणालाही आधी नेलं तरी मागे उरलेले दोघे भिडतात. तपासायची रीत सोपी आहे. कागदावर प्रत्येकासाठी एक ठिपका काढा, भांडणाऱ्या ठिपक्यांत रेघ ओढा. कमीत कमी किती ठिपके उचलले की एकही रेघ उरत नाही? तेवढ्या जागा होडीत नावाड्याशिवाय हव्यातच. कधीकधी त्याहून एक जास्त लागते, पण एकापेक्षा जास्त कधीच नाही. गणितात या जागांच्या संख्येला अल्क्विन संख्या म्हणतात. ती एक जास्तीची जागा कधी लागते? एका श्रोत्याला तीन वैरी द्या. श्रोता उचलला की सगळ्या रेघा संपतात, तरी एका जागेच्या होडीत ते कोडं चौथ्या खेपेनंतर अडकतं.

ही संख्या ज्या अल्क्विनच्या नावाने ओळखली जाते, तो यॉर्कचा विद्वान 804 मध्ये वारला. त्याच्या नावावर असलेल्या लॅटिन कोड्यांच्या संग्रहात लांडगा, शेळी आणि कोबी आहेत. तिथेच आई, बाप, दोन मुलं आणि कमी वजन पेलणारी होडी असं कोडं आहे, आणि लगेच पुढे तेच कोडं हेजहॉगच्या कुटुंबावर आहे. म्हणजे कपडे बदलून गंमत करणं या कोड्यांइतकंच जुनं आहे.

तीन जोडप्यांच्या कोड्यातला संशयी नवरा मला आता शिळा वाटतो. त्याऐवजी तीन लेखक आणि त्यांचे तीन संपादक घ्या: आपला संपादक जवळ नसताना लेखक दुसऱ्या संपादकाच्या तावडीत सापडला, तर कथेची शेवटची तीन पानं उडतात. होडी दोघांची, वल्हवता सगळ्यांना येतं. 11 खेपा. चौथी जोडी घातली तर दोघांच्या होडीत सुटत नाही. होडी तिघांची करा, 9 खेपांत होतं.

अंधारातला पूल आणि एकच कंदील, यात जास्त जपा. चौघांना 1, 2, 5 आणि 10 मिनिटं लागतात, एका वेळी दोघेच जातात, तेही संथ माणसाच्या चालीने, आणि कंदील दर वेळी कोणीतरी परत आणावा लागतो. उत्तर 17 मिनिटं. सगळ्यात चपळ माणसाने एकेकाला सोडून यायचं म्हटलं तर 19 होतात. दोन संथ माणसं एकत्र पाठवणं हीच इथली युक्ती. त्यामुळे ‘या दोघांचं पटत नाही’ असा विनोद त्या दोघांवर केलात तर उत्तरच मारलं. आकडेही मनाला येतील तसे बदलू नका. दुसऱ्या चपळाच्या वेळेची दुप्पट ही पहिल्या आणि तिसऱ्याच्या बेरजेपेक्षा कमी हवी. इथे 4 आणि 6, म्हणून चालतं. 2 च्या जागी 4 घातले तर 8 आणि 6 होतात, साधी रीतच सरस ठरते (21 मिनिटं, युक्तीने 23) आणि चकवा उरत नाही.

एक प्रकार अगदी थोडक्यात: ‘शेतकरी आणि शेळी, होडीत दोघं मावतात, कमीत कमी खेपा किती?’ उत्तर 1. हे दोन अवघड कोड्यांनंतरच घाला. तोवर माणूस शेळीला परत आणायच्या तयारीत बसलेला असतो.

कोडं घालताना दोन गोष्टी मात्र सरळ सांगून टाका. जाणं एक खेप आणि येणं दुसरी खेप. पोहणं, दोर, दुसरी होडी काही नाही. हे राहिलं की पहिलाच हुशार माणूस उशी पाण्यात ढकलून मोकळा होतो.