ट्यूलिपसाठी कर्ज नको, पण आई-बाबांना यंदाच न्या

प्रश्न : आम्ही सांगलीचे, घरात सहा माणसं. मी खासगी कारखान्यात, पत्नी शिक्षिका. मुलगी दहावीला, मुलगा सहावीत. बाबा 71 वर्षांचे, आईचे गुडघे दुखतात. काश्मीरच्या ट्यूलिप बागेची सात दिवसांची सहल सहा जणांना 2,85,000 रुपयांत मिळतेय. साठलेले 1,20,000 आहेत. उरलेल्या 1,65,000 साठी साडेतीन लाखांची एफडी मोडू, की 14 टक्क्यांनी दोन वर्षांचं वैयक्तिक कर्ज घेऊ? एलटीएमुळे (रजा प्रवास भत्ता) थोडा करही वाचेल. बाबा म्हणतात, कॅलेंडरवर पाहिलेली ती फुलं एकदा डोळ्यांनी बघू दे. मुलीला ट्रेक हवाय. पत्नी म्हणते, कुठेही चालेल, फक्त स्वयंपाक नको.

उत्तर : नमस्कार. पैशांकडे वळण्याआधी तुमच्याच पत्रातली एक तारीख तपासू. मुलाची परीक्षा एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत चालेल असं तुम्ही पुढे लिहिलंय, आणि तोवर पत्नीलाही रजा मिळणार नाही. श्रीनगरची ट्यूलिप बाग 2024 मध्ये 23 मार्चला उघडली, 2025 मध्ये 26 मार्चला. बहर तीन-चार आठवड्यांचा. ऊन लवकर तापलं तर त्याहून कमी. म्हणजे तुम्ही सहाजण एकत्र निघाल तेव्हा बागेत बहुतेक पाकळ्या गळालेल्या असतील. पावणेतीन लाखांवर रुपये मोजून बाबांना रिकामे वाफे दाखवायचे का?

आता कर्ज. 1,65,000 वर दरमहा साधारण 7,900 चा हप्ता बसेल आणि दोन वर्षांत 25,000 च्या आसपास व्याज जाईल. बँकेने 2 टक्के प्रोसेसिंग फी लावली तर जीएसटी धरून आणखी 3,900. सहलीचे फोटो जुने झाल्यावरही हप्ता चालूच राहील. हे मला पटत नाही.

एफडी मोडण्यात व्याजाचं नुकसान त्या मानाने कमी आहे. मुदतीआधी काढली म्हणून बँका साधारण अर्धा ते एक टक्का कापतात. पण तुमचा घरखर्च महिना 55,000 आहे आणि कारखान्यात गेल्या दिवाळीपासून ओव्हरटाइम बंद आहे. साडेतीन लाख म्हणजे सहा महिन्यांचा आधार. त्यातले 1,65,000 गेले की साडेतीन महिन्यांचेही उरत नाहीत. कारखान्याच्या गेटवर काय चाललंय ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. एफडीची पावती कपाटातच राहू द्या.

एलटीएवर फार भिस्त ठेवू नका. तुम्ही नवी करप्रणाली निवडली आहे, तिथे ही सूट नाहीच. जुन्या प्रणालीतही ती फक्त देशातल्या प्रवासाच्या भाड्यावर, चार वर्षांच्या टप्प्यात दोनदा मिळते. हॉटेल आणि शिकाऱ्याचे पैसे त्यात धरत नाहीत.

मग सहल रद्द करायची का? नाही. माझं ठाम मत आहे की आई-बाबांना यंदाच न्यावं. मुलीला हिमालय पुढच्या वर्षीही चढता येईल, दहा वर्षांनीही. आईच्या गुडघ्यांचं तसं सांगता येत नाही. बाबा 71 चे आहेत आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी स्वतःसाठी काही मागितलंय, असं तुम्हीच लिहिलंय. अशा मागणीला मी नियोजनात सगळ्यात वर ठेवतो.

म्हणून सहा जणांची एक सहल हा विचार सोडा. मार्चच्या शेवटच्या किंवा एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात तुम्ही आणि आई-बाबा असे तिघंच जा. तुम्हाला आलेला भाव माणशी 47,500 पडतो, पण तो सात दिवसांचा. कंपनीकडून तिघांचा, चार रात्रींचा, फक्त श्रीनगर मुक्कामाचा भाव लेखी घ्या. तो 1,20,000 च्या आत बसला पाहिजे. नाही बसला तर एक रात्र कमी करा. गुलमर्ग गाळलं तरी चालेल. तिथल्या गोंडोलाचा (रोपवेचा) दुसरा टप्पा सुमारे 3,950 मीटरवर नेतो आणि तुमच्या बाबांना रक्तदाब आहे. दल सरोवर, मुघल बागा आणि ट्यूलिप, एवढं चार दिवसांत निवांत होतं. ट्यूलिप बाग उतारावर टप्प्याटप्प्याने बांधलेली आहे, तेव्हा आईला सकाळी न्या, खालच्या वाफ्यांपाशी बसू द्या, वर चढायचा आग्रह करू नका.

पैसे भरण्याआधी रद्द करण्याच्या अटी वाचा. 22 एप्रिल 2025 च्या पहलगाम हल्ल्यानंतर अनेकांना सहली रद्द कराव्या लागल्या आणि खोऱ्यातली बरीच ठिकाणं काही काळ बंद होती. विमान, हॉटेल आणि गाडी, तिन्हींचे किती पैसे परत मिळतील हे वेगवेगळं विचारा. निघण्याआधी बाबांचं आयुष्मान वय वंदना कार्डही काढून घ्या. 70 च्या पुढच्यांना उत्पन्नाची अट नाही, आणि योजनेतल्या रुग्णालयांत वर्षाला 5 लाखांपर्यंत उपचार होतात. तुमच्या घरात बाबांचा वेगळा आरोग्य विमा नाही, तेव्हा हे काम सहलीपेक्षाही आधीचं आहे.

आता उरलेले तिघं. दरमहा 7,900 चा हप्ता भरायची तुमची तयारी होतीच, तोच पैसा वापरू. मार्च, एप्रिल, मे या तीन महिन्यांचे होतात 23,700. दहावीची परीक्षा संपली की घरात पूर्ण मोकळी एकटी मुलगीच असेल. यूथ हॉस्टेल्स असोसिएशन ऑफ इंडियाचे हिमालयातले ट्रेक उन्हाळ्यात असतात आणि खर्च आटोपशीर असतो. वयाची अट बघून नाव नोंदवा. त्यातून जे उरेल त्यात मे महिन्यात पत्नी आणि मुलाबरोबर कोकणात एखाद्या घरगुती निवासात दोन रात्री काढा. आंब्याचे दिवस असतात आणि ताट दुसरं कुणी वाढतं. वहिनींनी एवढंच तर मागितलंय.

जूनपासून 7,900 ची आरडी (आवर्ती ठेव) सुरू करा. पुढच्या एप्रिलपर्यंत अकरा हप्त्यांचे 86,900 आणि वर थोडं व्याज जमेल. वहिनी शिक्षिका असेपर्यंत त्यांचा वसंत मे महिन्यातच येणार, हे धरून ठिकाण निवडा. सिक्कीमच्या युमथांग खोऱ्यात ऱ्होडोडेंड्रॉनची झुडपं मे महिन्यातही फुललेली असतात. ऑक्टोबर 2023 च्या तीस्तेच्या पुरानंतर उत्तर सिक्कीमचे रस्ते वारंवार बिघडतात आणि परवानाही लागतो, म्हणून रस्त्याची खबर घेऊनच पैसे भरा. न्यू जलपाईगुडीपर्यंत रेल्वेने गेलात तर बरीच बचत होईल. आरक्षण आता 120 नव्हे, 60 दिवस आधी उघडतं, ती तारीख आत्ताच लिहून ठेवा. त्या सहलीचं ठिकाण आणि दिवस मात्र वहिनींना ठरवू द्या. यंदा सगळ्यात कमी त्यांच्या वाट्याला आलंय.

तिघांचा भाव हातात आला की अटींच्या कागदासकट मला पाठवा. आगाऊ रक्कम भरण्याआधी एकदा नजर घालतो.